नकोसे मेल अडवताना पाठवणाऱ्याची पत बघावी, पण निकाल दारातच सांगावा

डाकवाला (धागाकर्ता)

मंडळी, एका विषयावर इथल्या जाणकारांची मतं हवी आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्पॅमचा बंदोबस्त करायचा तर मजकुराच्या मागे धावण्यापेक्षा पाठवणारा कोण आहे आणि आजवर कसा वागला आहे, हे आधी बघावं. मात्र ज्याला अडवलं त्याला ते दारातच, कारणासकट कळलं पाहिजे. ही दुसरी अट मला पहिल्याइतकीच महत्त्वाची वाटते, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी तीच पाळली जात नाही.

मजकूर पूर्णपणे पाठवणाऱ्याच्या हातात असतो. शब्दामध्ये ठिपके घालता येतात, एखादं अक्षर काढून तसंच दिसणारं दुसऱ्या लिपीतलं अक्षर बसवता येतं, सगळा मजकूर चित्रात टाकता येतो. तुम्ही नियम लिहायचा अवकाश, पळवाट तयार असते. मेलवर दिसणारं नावही त्याच्याच हातात. मेल पाठवायच्या नियमांचा, म्हणजे एसएमटीपीचा, मसुदा १९८२ साली लिहिला गेला तेव्हा जाळं लहान होतं आणि 'मी अमुक' म्हटलं की ते खरं मानायचं, अशीच त्याची रचना झाली. एक गोष्ट मात्र सहजी खोटी सांगता येत नाही, ती म्हणजे ज्या आयपीवरून, म्हणजे यंत्राच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, तो माझ्या सर्व्हरशी बोलतोय तो आयपी. माझं उत्तर तिथे पोचलं नाही तर संभाषण पुढे सरकतच नाही. म्हणून रेप्युटेशनची, म्हणजे पत बघण्याची, सुरुवात आयपीपासून झाली.

१९९७ मध्ये पॉल विक्सी यांच्या पुढाकाराने स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची पहिली सार्वजनिक यादी उभी राहिली आणि पुढे ती डीएनएसमधून, म्हणजे नावावरून इंटरनेटवरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून, विचारता येऊ लागली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस ही अशाच याद्या चालवणारी संस्था सुरू केली. या याद्या विचारायची पद्धत फार सुंदर आहे. समजा १९२.०.२.४५ वरून कुणी जोडणी केली. आकडे उलटे करायचे, म्हणजे ४५.२.०.१९२, त्यापुढे यादीचं डोमेन लावायचं आणि डीएनएसला विचारायचं. 'असं नावच नाही' म्हणून उत्तर आलं तर पत्ता यादीत नाही. १२७.०.०.२ असं काही आलं तर आहे. मेलचं एक अक्षरही तोवर आलेलं नसतं. फिल्टरला मजकूर वाचून डोकं शिणवावं लागत नाही, आणि वाचणाऱ्याची खाजगी पत्रं उघडायचीही गरज पडत नाही.

आता प्रश्न. लहान संस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. यादीत नाव दिसलं की थेट नकार द्यावा, की त्याला फक्त गुण द्यावेत आणि बाकीच्या तपासण्यांबरोबर बेरीज करावी? तुम्ही काय करता?

---

जुनीतार

चांगला विषय. आम्ही दोन्ही करतो.

पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातला पोस्टस्क्रीन हा दारावरच जोडणी तपासणारा भाग चालू करा. त्यात एकाच वेळी अनेक याद्या विचारता येतात आणि प्रत्येकीला वजन देता येतं. ज्या यादीवर पूर्ण भरवसा आहे तिला ३, बाकीच्यांना १, आणि बेरीज ३ झाली की नकार. म्हणजे भरवशाची यादी एकटी पुरते, बाकीच्यांना मात्र एकमत करावं लागतं. कुठल्या तरी अनोळखी यादीने एखाद्याचं नाव टाकलं म्हणून त्याचा मेल परत जात नाही.

आणखी एक गोष्ट, जी माहीत नसल्यामुळे लोकांचे सगळे मेल परत जातात. यादीकडून आलेला प्रत्येक आकडा म्हणजे 'हा दोषी आहे' असं नसतं. स्पॅमहाउसच्या झेन यादीत २ म्हणजे स्पॅम पाठवणारा म्हणून माणसांनी तपासून नोंदवलेला पत्ता, ३ म्हणजे थोडा थोडा स्पॅम अनेक पत्त्यांवर पसरवणारा, ४ म्हणजे व्हायरस लागलेलं किंवा कुणी बळकावलेलं यंत्र, १० आणि ११ म्हणजे ज्यावरून थेट मेल यायलाच नको अशा घरगुती जोडण्या. हे सगळं शेवटच्या आकड्याबद्दल. पण उत्तर १२७.२५५.२५५.२५४ असं आलं तर त्याचा अर्थ 'तुम्ही सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारताय, तुम्हाला उत्तर मिळणार नाही' एवढाच. तुमच्या सर्व्हरला 'काहीही उत्तर आलं की नकार' असं शिकवलेलं असेल तर त्या क्षणापासून प्रत्येक मेल परत जाईल. सेटिंगमध्ये कोणते आकडे धरायचे ते स्पष्ट लिहा, आणि डीएनएस रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसला विचारून उत्तर आणणारा प्रोग्रॅम, स्वतःच्याच यंत्रावर चालवा.

---

निळीशाई

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझ्यासारख्या, शेअर्ड होस्टिंगवर छोटं काम चालवणाऱ्या माणसाला या 'पत बघण्या'चा किती त्रास होतो याची ॲडमिन लोकांना कल्पना नसते. आमचा आयपी आमचा नसतोच. त्याच पत्त्यावरून आणखी शेकडो ग्राहक मेल पाठवत असतात. त्यातल्या एकाची वेबसाइट कुणीतरी फोडली, तिच्यातून रात्रभर स्पॅम गेला, आणि सकाळी माझ्या ग्राहकाला पाठवलेलं साधं बिल परत आलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

परत आलं हेही नशीब म्हणायचं. त्याच आठवड्यात एका मोठ्या मेल सेवेने माझे मेल घेतले, 'मिळाले' म्हणून कबुली दिली, आणि ते समोरच्या माणसाच्या ना इनबॉक्समध्ये गेले ना स्पॅम फोल्डरमध्ये. समोरचा म्हणतो आलं नाही, माझा सर्व्हर म्हणतो पोचलं. विचारायला जागा नाही, अर्ज करायला फॉर्म नाही. होस्टिंगवाल्यांनी 'आमच्या बाजूने सगळं ठीक आहे' एवढंच कळवलं. शेवटी फोनवर बोलून बिल पाठवलं.

डाकवाला, तुमची दुसरी अट वाचून म्हणून बरं वाटलं.

---

डाकवाला

निळीशाई ताई, तुमचा अनुभव या विषयाच्या मुळाशी जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी होते तेव्हा निदान संन्याशाला ते कळायला तरी हवं. एसएमटीपीमध्ये यासाठी सोय आहे आणि ती पहिल्यापासून आहे. संभाषण चालू असतानाच ५५० म्हणून नकार दिला तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर त्याला लगेच परतीचा निरोप देतो. पण मेल घेतल्यावर गुपचूप टाकून दिला तर ही साखळीच तुटते. आणि आधी घेऊन नंतर परतीचा निरोप पाठवायचा म्हटलं तर तो बहुधा खोट्या पत्त्यावर, म्हणजे तिसऱ्याच निरपराध माणसाकडे जातो. त्यामुळे जो काही निर्णय असेल तो जोडणी बंद व्हायच्या आत झाला पाहिजे. पत बघणं सगळ्यात आधी करता येतं, हा त्याचा मोठा फायदा मी त्यासाठीच मानतो.

आयपी सामायिक असण्याच्या अडचणीवर उतारा म्हणजे पत आयपीला न चिकटवता डोमेनला चिकटवायची. त्यासाठी आधी डोमेन खरं आहे हे सिद्ध व्हावं लागतं. एसपीएफमध्ये डोमेनचा मालक जाहीर करतो की माझे मेल अमुक पत्त्यांवरूनच येतील. डीकेआयएममध्ये प्रत्येक मेलवर सही असते आणि ती तपासायची किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. डीमार्क या दोन्हींपैकी निदान एक तरी समोर दिसणाऱ्या 'प्रेषक' डोमेनशी जुळतं का ते बघतं. जीमेलच्या लोकांनी २००६ सालीच मांडलं होतं की वापरणाऱ्यांनी 'स्पॅम' आणि 'स्पॅम नाही' म्हणून केलेल्या खुणा खात्री पटलेल्या डोमेनच्या नावे जमा केल्या की त्यातून त्या डोमेनचा लौकिक ठरवता येतो. तुमच्या डोमेनवर डीकेआयएमची सही आहे का? नसेल तर होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये बघा, बहुतेक ठिकाणी ती चालू करता येते. शेजाऱ्याची करणी मग पूर्णपणे तुमच्या माथी येत नाही.

इथे एक गैरसमज फार पसरलेला दिसतो तो दूर करतो. सही बरोबर आहे म्हणजे माणूस चांगला असं नाही. स्पॅम पाठवणारेही व्यवस्थित सही करतात. सहीमुळे हा कोण एवढं कळतं. कसा, ते त्याच्या मागच्या वागण्यावरूनच ठरवायचं.

---

पिंपळपान

मी तांत्रिक क्षेत्रातली नाही, फक्त मेल वापरते. एक साधी शंका. कधीतरी स्वतःच नाव नोंदवलेल्या वार्तापत्रांचा कंटाळा आला की मी त्यावर 'स्पॅम' बटण दाबते. लवकर सुटका होते. यात कुणाचं नुकसान होतं का?

---

जुनीतार

हो, होतं, पिंपळपान. ते बटण म्हणजे त्या पाठवणाऱ्याविरुद्ध तक्रार आहे आणि ती मोजली जाते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलला दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणाऱ्याकडे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही हवेत, प्रचाराच्या मेलमधून एका क्लिकमध्ये बाहेर पडता आलं पाहिजे, आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे. म्हणजे इनबॉक्समध्ये पोचलेल्या हजार मेलमागे तीन जणांनी बटण दाबलं की पाठवणारा धोक्याच्या रेषेवर. ०.१ टक्क्याच्या खाली राहा, असं गूगल स्वतः सांगतं. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या घरगुती खात्यांसाठी असेच नियम आणले.

ज्याला तुम्ही स्वतः बोलावलं होतं त्याच्यासाठी 'सदस्यत्व रद्द' वापरा. न बोलावता आलेल्यावर मात्र जरूर बटण दाबा, संकोच करू नका. आणि स्पॅम फोल्डरमध्ये चांगलं पत्र सापडलं तर 'स्पॅम नाही' दाबायला विसरू नका. निळीशाईंसारख्यांचा लौकिक सावरायला त्याचा फार उपयोग होतो.

---

पिंपळपान

कळलं. आजपासून तसंच करते. स्पॅम फोल्डर उघडून बघितलं तर शाळेच्या मैत्रिणीचं पत्र आत पडलेलं सापडलं, ते बाहेर काढलं!

---

दीपस्तंभ

चर्चा चांगली चालली आहे, पण याद्या चालवणाऱ्यांच्या हातात किती सत्ता जाते त्याबद्दलही बोलायला हवं. ही मंडळी कुणी निवडून दिलेली नसतात. त्यांच्या नोंदीमुळे कुणाचा धंदा बसू शकतो.

अमेरिकेत एका मार्केटिंग कंपनीने स्पॅमहाउसवर दावा लावला होता. स्पॅमहाउस तेव्हा ब्रिटनमधली संस्था, तिने त्या न्यायालयाचा अधिकार मानला नाही, तेव्हा २००६ मध्ये एकतर्फी निकाल लागला, १.१७ कोटी डॉलर भरपाईचा. पुढे अपिलं होत होत २०११ मध्ये ती भरपाई ३ डॉलरवर आली. याद्यांच्या बाजूचा युक्तिवाद मला पटतो. आम्ही फक्त मत देतो, मेल अडवायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या सर्व्हरने ठरवायचं. पण मग हे 'ठरवणं' सर्व्हरच्या मालकाने खरोखर केलं पाहिजे. एकदा सेटिंगमध्ये ओळ लिहून वर्षानुवर्षं तिकडे न फिरकणं म्हणजे ठरवणं नव्हे.

याचं ढळढळीत उदाहरण ओआरडीबी. कुणालाही मेल पुढे पाठवू देणाऱ्या उघड्या सर्व्हरांची ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. तसं जाहीर केलं होतं. तरीही असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक प्रश्नाला 'हो, यादीत आहे' असं उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि ज्यांनी ती ओळ काढली नव्हती त्यांच्याकडे जगातला एकही मेल पोचेना. २००३ मध्ये ओसिरुसॉफ्टच्या यादीचंही असंच झालं होतं, हल्ल्यांना कंटाळून चालकाने सगळं इंटरनेटच यादीत टाकलं. सॉर्ब्स ही जुनी, नावाजलेली यादी जून २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांच्या सेटिंगमध्ये ती अजून असेल त्यांनी आजच काढावी.

---

डाकवाला

दीपस्तंभ, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच परक्या याद्यांइतकीच, किंबहुना जास्तच, मी स्वतःच्या सर्व्हरच्या आठवणीची किंमत करतो. याबद्दल इथे कुणी लिहिलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पॅमअसॅसिन हा जुना फिल्टर प्रत्येक मेलला गुण देतो, ५ किंवा अधिक झाले की स्पॅम. त्यात एक जोड होती, ती प्रत्येक पाठवणाऱ्याच्या जुन्या गुणांची सरासरी लक्षात ठेवायची. नवा मेल आला की त्याचे गुण त्या सरासरीच्या दिशेने निम्मे ओढायचे. एक ओळखीच्या बाई तुम्हाला नेहमी लिहितात, त्यांची सरासरी १ आहे. एक दिवस त्यांनी घाईत, नुसती लिंक आणि मोठं चित्र असा मेल धाडला आणि त्याला ७ गुण पडले. सरासरीपासून फरक ६, त्याचा अर्धा ३, म्हणून अंतिम गुण ४. मेल आत आला. उलट एखाद्या उपद्रवी पाठवणाऱ्याची सरासरी ९ आहे आणि आज त्याने अगदी सभ्य भाषेत लिहून फक्त २.५ गुण मिळवले. अंतिम गुण ५.७५, बाहेर. तपासणी तीच, आणि तरी जास्त गुणांचा मेल आत आणि कमी गुणांचा बाहेर, कारण सर्व्हरला माणसं आठवतात.

यात एक सावधगिरी होती. नुसत्या पत्त्यावर सरासरी ठेवली तर कुणीही तुमच्या मैत्रिणीचा पत्ता लावून तिची पुण्याई वापरेल. म्हणून पत्त्याबरोबर आयपीचे पहिले दोन आकडेही धरले जायचे. २०१४ मध्ये याची सुधारलेली आवृत्ती, टीएक्सरेप, आली. ती पत्ता, डोमेन, आयपी अशा अनेक गोष्टींचा लौकिक एकत्र धरते. लहान सर्व्हरला याचा फायदा जास्त होतो, कारण आपल्याकडे पत्रव्यवहार करणारी माणसं ठरलेली असतात. जगाच्या दृष्टीने निळीशाई ताईंचं डोमेन कुणीच नसेल, पण माझ्या सर्व्हरला ते चांगलं माहीत असू शकतं. मोठ्या सेवांच्या आकड्यांपेक्षा अशा जवळच्या ओळखीवर मी जास्त विसंबतो.

---

वाटसरू

पण नवखा माणूस? ज्याची कुठेच नोंद नाही त्याचं काय करायचं? आम्ही नवं डोमेन घेतलं आणि पहिल्याच दिवशी सगळीकडे स्पॅममध्ये गेलो.

---

जुनीतार

त्यात तुमचा दोष नाही. स्पॅमवाले रोज नवी डोमेन घेतात, वापरतात आणि टाकून देतात, म्हणून ताज्या डोमेनकडे सगळेच संशयाने बघतात. तुम्ही हळूहळू वाढवत न्या. पहिले काही दिवस ज्यांना तुमचं पत्र हवंच आहे, जे उत्तर देतील, अशांनाच पाठवा. एकदम हजारोंना पाठवू नका. विकत घेतलेल्या याद्यांना तर हातही लावू नका. त्यांत सापळ्याचे पत्ते असतात, जे कुठल्याही माणसाने कधीच कुठे नोंदवलेले नसतात. तिथे तुमचा मेल गेला की तुम्ही परवानगीशिवाय पाठवता हे उघड होतं. पीटीआर नोंद, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी डीएनएसमधली नोंद, नीट आहे ना तेही तपासा.

घेणाऱ्या बाजूला नवख्यासाठी ग्रेलिस्टिंग हा मला सगळ्यात न्याय्य उपाय वाटतो. पहिल्या भेटीत ४५१ म्हणायचं, 'थोड्या वेळाने या'. खरा सर्व्हर रांगेत ठेवून परत येतो, घाईत भडिमार करणारा बहुधा येत नाही. एकदा आला की त्याची नोंद राहते, पुढच्या वेळी थांबावं लागत नाही. तोट्याची बाजू म्हणजे ओटीपीसारखे मेल उशिरा पोचतात, तेव्हा सही पटलेल्या माहीतगार डोमेनना यातून वगळा.

---

शोधयात्री

एका गोष्टीवर पत बघून काहीच चालत नाही, ते लिहितो. चोरलेलं खातं. आमच्या एका सहकाऱ्याचा पासवर्ड कुणीतरी फसवून घेतला आणि त्याच्या खऱ्या खात्यातून, खऱ्या सर्व्हरवरून, खऱ्या सहीसकट सगळ्यांना 'हे बिल उघडा' म्हणून मेल गेले. आयपी स्वच्छ, डोमेन जुनं, लौकिक उत्तम. सगळ्यांच्या फिल्टरने आदराने आत घेतले.

इथे मजकूर आणि लिंक तपासण्यावाचून गत्यंतर नाही. मेलमधल्या लिंकचं डोमेनही यादीत विचारता येतं, तेवढं तरी कराच. आणि बाहेर जाणाऱ्या मेलवर मर्यादा घाला. रोज वीस-पंचवीस पत्रं लिहिणारा माणूस अचानक तासाला पाचशे पाठवायला लागला तर खातं आपोआप थांबलं पाहिजे. आपला लौकिक सांभाळायची जबाबदारी दुसऱ्यांच्या फिल्टरवर टाकून चालत नाही.

---

डाकवाला

शोधयात्री, अगदी खरं. मर्यादा आजच घालतो.

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं ठरलं ते असं. झेन यादीला एकटीला नकाराचा अधिकार, आकडे स्पष्ट लिहून, स्वतःच्या रिझॉल्व्हरमार्फत. बाकी याद्यांना फक्त गुण, आणि त्या चालू आहेत का हे ठरावीक काळाने तपासायचं. सही पटलेल्या, आमच्या लोकांनी आधी उत्तरं दिलेल्या डोमेनना ग्रेलिस्टिंगमधून सूट. गुणांची बेरीजही जोडणी चालू असतानाच करायची, म्हणजे नकार असेल तो तिथेच. घेतलेला मेल माणसापर्यंत पोचलाच पाहिजे, फार तर स्पॅम फोल्डरमध्ये. मधेच नाहीसा होणार नाही.

जुन्या सदस्यांचे मेल त्यांच्या खाजगी पत्त्यांवर पुढे पाठवतो, त्याचं काय करावं हे मात्र अजून सुटलेलं नाही. पुढे पाठवताना एसपीएफ मोडतं, आणि त्यांच्याकडे आलेला स्पॅमही आमच्याच आयपीवरून पुढे जातो.

---

जुनीतार

फॉरवर्डिंग जमलं तर बंदच करा, त्यांना आपल्याच सर्व्हरवर मेलपेटी द्या आणि तिथून त्यांनी मेल ओढून घ्यावेत. अगदीच नाइलाज असेल तर फॉरवर्डसाठी वेगळा आयपी ठेवा, आणि गाळल्याशिवाय एकही मेल पुढे जाऊ देऊ नका. एसआरएसने, म्हणजे पुढे पाठवताना पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या डोमेनचा करून लिहिण्याने, एसपीएफचं निभतं, पण लौकिकाचं नाही.

---

निळीशाई

डाकवाला, एक विनंती. ५५० च्या निरोपात नुसतं 'धोरणानुसार नाकारले' असं लिहू नका. कोणत्या यादीमुळे, कोणता आयपी, आणि कुठे विचारायचं एवढं तरी असू द्या.

---

डाकवाला

नक्की. यादीचं नाव, तुमचा आयपी आणि यादीतून बाहेर पडायच्या पानाचा दुवा, तिन्ही निरोपात येतील असं केलं आहे. शिवाय पोस्टमास्टर हा सर्व्हर सांभाळणाऱ्याला लिहायचा पत्ता सगळ्या याद्यांतून आणि ग्रेलिस्टिंगमधून वगळला आहे. पोस्टस्क्रीन पत्ता कळण्याआधीच नकार ठरवतो, त्यामुळे याद्यांची तपासणी त्याच्याऐवजी पत्ता कळल्यानंतरच्या टप्प्यावर हलवावी लागली. थोडा भार वाढला आहे, पण अडवलेल्या माणसाला त्याच सर्व्हरवर दाद मागता येते. त्या पत्त्यावर आलेले मेल मी स्वतः वाचतो.